खेळ कठीण की खेळाडू कच्चा?



लेख वाचायला बसण्यापूर्वी स्वयंपाकघरातून तीन पातेली मागून आणा. पहिल्यात माठातले गार पाणी घ्या, तिसऱ्यात हाताला सोसेल इतके गरम पाणी घ्या, आणि मधल्या पातेल्यात दोन्ही पाणी निम्मेनिम्मे मिसळा. आता डावा हात गार पाण्यात आणि उजवा हात गरम पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा. मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात घाला.

काय वाटले? डावा हात म्हणेल, "पाणी गरम आहे." उजवा म्हणेल, "छे, गार आहे." पातेले एक, पाणी एक, आणि हात तर एकाच माणसाचे! मग खोटे कोण बोलते?

कोणीच नाही. हात म्हणजे तापमापक नव्हे. पाण्याचे तापमान किती, हे हात सांगतच नाही. आपण कुठून आलो आणि इथे आल्यावर आपल्यात काय फरक पडला, एवढेच तो सांगतो. हातांचे म्हणणे खरे असते; ते कशाबद्दल आहे हे ओळखण्यात आपली चूक होते.

हा प्रयोग मी माझ्या विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितला आहे. पण त्याची खरी आठवण झाली ती २०२४ सालच्या जून महिन्यात, आणि तीही संगणकावरील एका खेळामुळे.

भाच्याची तक्रार

माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. सुट्टीत तो आमच्याकडे राहायला आला तो संगणक बरोबर घेऊनच. शुक्रवारपासून त्याने खोलीचे दार लावून घेतले. रविवारी दुपारी जेवायला बसला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"काय रे, काय बिघडले?" मी विचारले.

"मामा, पैसे वाया गेले. दोन दिवस झाले, एका सिंहापुढे पस्तीस वेळा मेलो. खेळ कठीण नाही, अन्यायकारक आहे. तसे मी लिहूनही टाकले. आणि मी एकटा नाही. हजारो लोक तेच म्हणताहेत."

"आणि तुझा मित्र? तोही हाच खेळ खेळतो ना?"

"तो म्हणतो, झकास आहे! वर मलाच म्हणतो, तुला जमत नसेल तर आधी शिकून ये."

वाचकहो, पाहिलेत ना? पातेले एक, हात दोन. भाच्याच्या पस्तीस पराभवांपेक्षा मला एका गोष्टीची काळजी वाटली. एरवी गणिताचे अवघड उदाहरण सुटेपर्यंत जागा न सोडणारा हा मुलगा, "बहुतेक मला हे यायचेच नाही," असे हळूच म्हणून गेला होता. मत खेळाविषयी दिले होते, पण निकाल त्याने स्वतःविषयी लावला होता. म्हणून जेवण आटोपल्यावर मी कागद-पेन्सिल मागवली.

मूळ खेळ आणि त्याची पुरवणी

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव 'एल्डन रिंग'. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने तो तयार केला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी आणि त्यांचे सहकारी यांनी तो बांधला, आणि त्या काल्पनिक जगाचा पूर्वेतिहास अमेरिकन लेखक जॉर्ज मार्टिन यांनी रचून दिला. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी तो प्रसिद्ध झाला. हा खेळ लहान मुलांसाठी नाही, हे येथेच सांगून ठेवतो. युरोपात तो १६ वर्षांवरील आणि अमेरिकेत १७ वर्षांवरील खेळाडूंसाठी मानला जातो. आपल्याला तो खेळायचा नाही; त्यातला हिशेब तेवढा समजून घ्यायचा आहे.

अशा खेळात आपण एखाद्या योद्ध्याची किंवा मांत्रिकाची भूमिका घेतो. एका अद्भुत प्रदेशात हिंडायचे, शत्रूंशी लढायचे, आणि मिळालेल्या गुणांतून आपल्या पात्राची शक्ती वाढवत न्यायची. जागोजागी एखादा बलाढ्य शत्रू वाट अडवून उभा असतो. खेळाडू त्याला 'बॉस' म्हणतात.

परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका भरली की आपण पुरवणी मागतो. तशीच या खेळांनाही पुरवणी असते. मूळ खेळाला जोडलेला नवा प्रदेश, नवे शत्रू, नवी शस्त्रे असे तिचे स्वरूप असते. मूळ खेळ जवळ नसेल तर नुसती पुरवणी खेळता येत नाही. एल्डन रिंगची पुरवणी 'शॅडो ऑफ द अर्डट्री' या नावाने २१ जून २०२४ रोजी आली. किंमत अमेरिकेत सुमारे ४० डॉलर, मूळ खेळाची सुमारे ६०. मूळ खेळाच्या तोवर अडीच कोटींवर प्रती खपल्या होत्या. पुरवणीच्या पहिल्या तीन दिवसांतच ५० लाख प्रती गेल्या.

या पुरवणीच्या दारावर दोन पहारेकरी होते. मूळ खेळातील रडान आणि मोग या दोन बॉसना हरवल्याखेरीज नव्या प्रदेशात पाऊल टाकता येत नसे. मोग तर मूळ खेळातील अवघड शत्रूंपैकी एक. म्हणजे आत आलेला प्रत्येक जण चाळणीतून गाळून आलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

निकाल किती टक्के आणि गुण किती?

पुरवणी येताच मतांचा पूर आला. एकीकडे वृत्तपत्रे-मासिकांचे परीक्षक होते. परीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर तिची सरासरी १०० पैकी ९० च्या वर होती. दुसरीकडे सामान्य खेळाडू. 'स्टीम' या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर पहिल्या दिवसांत खेळाडूंच्या मतांवरून जो शेरा पडला तो होता 'संमिश्र'.

ताबडतोब वाद पेटला. कोणी म्हणाले परीक्षक खुशामत करतात, तर कोणी म्हणाले खेळाडू रडके आहेत. पण मित्रांनो, भांडण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे मोजमाप आहेत का?

स्टीमवर खेळाडूने गुण द्यायचे नसतात. अंगठा वर किंवा अंगठा खाली, एवढेच. शंभरातील किती अंगठे वर आहेत त्यावरून शेरा ठरतो. हे प्रमाण ४० ते ६९ टक्के असले की शेरा 'संमिश्र' पडतो. आता आपल्या शाळेचे उदाहरण घ्या. "आमच्या शाळेचा दहावीचा निकाल ६५ टक्के लागला," असे कोणी म्हटले, तर मुलांना सरासरी ६५ टक्के गुण मिळाले असे तुम्ही समजाल का? मुळीच नाही. शंभरातील ६५ मुले उत्तीर्ण झाली, एवढाच त्याचा अर्थ. त्यांतली निम्मी पहिल्या वर्गात आली असतील, किंवा सगळीच काठावर पास झाली असतील.

वर-खाली अंगठ्यांचेही तसेच आहे. समजा, एखादा खेळ सर्वांनाच बरा वाटला, दहापैकी सहा गुणांचा. सगळे अंगठे वर करतील आणि निकाल लागेल १०० टक्के! उलट एखादा खेळ ६५ जणांना आयुष्यात खेळलेला सर्वोत्तम वाटला आणि ३५ जण चिडून उठले, तर निकाल ६५ टक्के. पहिला खेळ दुसऱ्यापेक्षा चांगला ठरला का? मेटाक्रिटिकची सरासरी म्हणजे गुण आणि स्टीमचा शेरा म्हणजे निकाल. शेर आणि मीटर यांची तुलना करून कोण मोठा, असे विचारण्यासारखेच हे झाले.

यात आणखी एक गुंता होता. काही खेळाडूंची तक्रार कठीणपणाची नव्हतीच. त्यांच्या संगणकावर चित्र अडखळत होते. हा खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. म्हणजे प्रत्येक चित्राला १/६० सेकंद, सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. शत्रूचा वार चुकवायला नेमक्या क्षणी कळ दाबावी लागते. ऐन वेळी दोन-चार चित्रे उशिरा आली तर तुमची चूक नसताना वार बसतो. असा खेळाडूही अंगठा खालीच करणार! अंगठा एक, पण त्यामागची कारणे दोन. केवळ 'हो' किंवा 'नाही' सांगणाऱ्या उपकरणाची ही मर्यादा आहे. 'नाही' कशामुळे, हे ते सांगू शकत नाही.

फाशाचा प्रयोग

आता मुख्य वादाकडे वळू. खेळ कठीण, की खेळाडू कच्चा?

मी भाच्याला विचारले, "त्या प्रदेशात शक्ती वाढवायची काही सोय आहे का?"

"आहे ना. स्काडूट्री नावाच्या झाडाचे तुकडे ठिकठिकाणी पडलेले असतात. ते गोळा करून वाहिले की आशीर्वाद मिळतो. वार जास्त लागतात आणि आपल्याला इजा कमी होते."

"तू कितव्या पायरीवर आहेस?"

"दुसऱ्या. मी थेट सिंहाकडेच गेलो."

"आणि मित्र?"

त्याने विचारून घेतले. मित्र आधी आजूबाजूला भरपूर भटकला होता. तो होता सहाव्या पायरीवर.

ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. असे एकूण ५० तुकडे आणि आशीर्वादाच्या २० पायऱ्या. हा आशीर्वाद फक्त पुरवणीच्या प्रदेशातच लागू पडतो. अशी वेगळी सोय का केली असेल? कारण मूळ खेळातून येणारे खेळाडू निरनिराळ्या ताकदीचे होते. आणि मूळ खेळातील शक्ती एका मर्यादेनंतर फारशी वाढत नाही. उदाहरणार्थ, जीवनशक्तीचा गुण ४० असताना पात्राला १४५० इतका जीव असतो. ६० ला १९००. आणि कमाल ९९ ला २१००. म्हणजे ४० ते ६० या वीस गुणांत जीव ४५० ने वाढला, गुणामागे साडेबावीस. पुढच्या ३९ गुणांत वाढला केवळ २००, गुणामागे जेमतेम पाच! मिठाचे पाणी करताना सुरुवातीला मीठ भराभर विरघळते आणि पुढे कितीही घातले तरी तळाशी बसते, त्याची आठवण व्हावी असाच हा आलेख आहे. दोन वर्षे मूळ खेळ घोटून आलेल्यांना वाटले, आपण भक्कम आहोत. पण त्यांच्या शक्तीचा आलेख कधीच सपाट झालेला होता. नव्या प्रदेशात चढणारी रेषा एकच होती, आशीर्वादाची.

"पण मामा," भाचा म्हणाला, "चार पायऱ्यांनी असा काय फरक पडणार? थोडाफार पडेल."

येथे त्याचा अंदाज चुकत होता, आणि बहुतेकांचा चुकतो. मी देवघराशेजारच्या कपाटातून सापशिडीचा फासा काढला. हा प्रयोग तुम्हीही करा. पुढील आकडे समजण्यासाठी सोपे करून घेतलेले आहेत, खेळातले नव्हेत.

समजा, शत्रूचा जीव ६००० आहे आणि तुमचा एक वार ३०० चा. म्हणजे त्याला पाडायला २० वार लागतील. तुमचा जीव १९०० आणि त्याचा एक वार ९०० चा. दोन वार सोसाल, तिसऱ्याला कोसळाल. प्रत्येक फेरीत आधी तो वार करतो. तुम्ही फासा टाका. १ पडला तर त्याचा वार लागला. २ ते ६ पडले तर तुम्ही चुकवला. मग तुमचा एक वार त्याला बसतो. अशा २० फेऱ्या. वीस फेऱ्यांत तीनदा १ पडला की तुम्ही हरलात.

आता दुसरा खेळाडू पाहा. त्याचे कौशल्य तेच, फासाही तोच. पण आशीर्वादाने त्याचा वार दीडपट झाला, ४५० चा. आणि त्याला होणारी इजा दीडपटीने घटली, ९०० ची ६०० झाली. आता शत्रूला पाडायला १४ वारच पुरतात. आणि आपण तीन वार सोसतो, चौथ्याला पडतो. म्हणून १४ फेऱ्या, आणि चारदा १ पडला तरच हार.

आम्ही दोघांनी प्रत्येक प्रकारच्या तीस-तीस लढाया खेळल्या. पहिल्या प्रकारात नऊ जिंकलो, दुसऱ्यात पंचवीस! संभाव्यतेच्या नियमांनी गणित केले तर उत्तर असे येते :

आशीर्वाद नाही – १०० पैकी सुमारे ३३ विजय
फक्त वार दीडपट – सुमारे ५८ विजय
फक्त इजा कमी – सुमारे ५७ विजय
दोन्ही एकदम – सुमारे ८१ विजय

शक्ती केवळ दीडपट झाली. पण तिनांत एकदा मिळणारा विजय पाचांत चारदा मिळू लागला. असे का होते? सरासरी पाहा. २० फेऱ्यांत १ हा आकडा सरासरी ३.३ वेळा पडणार, आणि सोसण्याची मर्यादा आहे २. म्हणजे सरासरी नशीब असले तरी तुम्ही हरणार. १४ फेऱ्यांत तो सरासरी २.३ वेळा पडणार, आणि मर्यादा आहे ३. आता सरासरी नशीब तुमच्या बाजूला आले. मर्यादेची रेषा थोडीच सरकली, पण सरासरी तिच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. अशा उताराच्या जागी छोटे कारण मोठा परिणाम घडवते. पाणी ९५ अंशांवर आणि १०० अंशांवर यांत फरक अवघा पाच अंशांचा; पण एक नुसते तापलेले असते आणि दुसरे उकळते.

भाचा बराच वेळ फाशाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी आणि तो एकाच सिंहाशी लढलोच नाही."

बरोबर! सिंहाचे चित्र एक होते, पण भाच्यापुढचा सिंह ३३ टक्क्यांचा होता आणि मित्रापुढचा ८१ टक्क्यांचा. दोघांनीही आपापल्या सिंहाबद्दल खरेच सांगितले होते. 'कठीण' हा गुण एकट्या खेळाचा नाही आणि एकट्या खेळाडूचाही नाही. तो दोघांमधल्या नात्याचा गुण आहे, पाण्यात घातलेल्या हातासारखा.

कंपनीने काय केले?

तिकडे काय घडले तेही पाहा. प्रकाशक कंपनी बंदाई नामकोने प्रथम खेळाडूंना आठवण करून दिली की आशीर्वादाचे तुकडे गोळा करा, ते वापरा. आणि प्रसिद्धीनंतर आठवडा पुरा होण्याआधीच खेळात एक दुरुस्ती पाठवली. या दुरुस्तीचे वर्णन पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात शोभावे असे होते. आशीर्वादाच्या आलेखाची वक्ररेषा बदलली होती! पहिल्या अर्ध्या पायऱ्यांत मिळणारी वाढ अधिक केली, दुसऱ्या अर्ध्या पायऱ्यांत ती सावकाश होईल असे केले, आणि शेवटच्या पायरीची शक्तीही किंचित वाढवली.

वहीत एक आलेख काढा. आडव्या अक्षावर पायऱ्या ० ते २०, उभ्या अक्षावर शक्ती. आधी एक साधी तिरपी रेषा काढा. मग त्याच टोकांच्या दरम्यान, सुरुवातीला चटकन चढणारी आणि पुढे कलती होणारी कमान काढा. दोन्ही रेषा जवळपास एकाच ठिकाणी सुरू होतात आणि जवळपास एकाच ठिकाणी संपतात. पण पाचव्या-सहाव्या पायरीवर कमान किती वर आहे पाहा! जो सगळे तुकडे गोळा करणार त्याला या दुरुस्तीने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो सुरुवातीच्या पायऱ्यांवर धडपडणाऱ्यांना. निर्मात्यांनी बदलला तो उताराचा आकार. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एका दुरुस्तीत पुरवणीच्या अखेरच्या बॉसचे काही वार सौम्य केले आणि त्याच्या झगझगाटात खेळाडूला नीट दिसावे अशी सोय केली.

यावरही मते फुटलीच. ज्यांनी दुरुस्तीपूर्वी शत्रूंना हरवले होते त्यांतील काहींना वाटले, आमच्या पराक्रमाची किंमत कमी झाली. त्यांचे दुःखही मला खोटे वाटत नाही. अवघड डोंगर चढून गेल्यावर खाली वळून पाहावे आणि मागून कोणी पायऱ्या बांधत असावे, असे ते होते. पण डोंगर चढल्याचा आनंद पायऱ्या बांधल्याने पुसला जातो का, याचा विचार तुम्हीच करा.

माझी एक जुनी चूक

"तुला जमत नसेल तर आधी शिकून ये," हे भाच्याच्या मित्राचे वाक्य मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. कारण तेच वाक्य मी एकदा वर्गात बोललो आहे.

काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत एका तुकडीला न्यूटनच्या वलयांचा प्रयोग दिला होता. भिंगाच्या खाली दिसणाऱ्या प्रकाशाच्या वलयांचे व्यास सूक्ष्मदर्शक सरकवत मोजायचे असतात. अर्ध्या मुलांची उत्तरे छान आली. उरलेली म्हणू लागली, "सर, हा प्रयोग फार अवघड आहे, उत्तर येतच नाही." मी म्हणालो, "बाकीच्यांना येते ते? लक्ष द्या, म्हणजे जमेल." तीन आठवडे मी त्यांना आळशी समजत राहिलो. मग एका मुलीने न बोलता माझा हात धरून तिच्या टेबलाशी नेले आणि सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवून दाखवला. तो ढिला झाला होता. दिशा बदलली की अर्धा फेरा नुसताच फिरायचा, सूक्ष्मदर्शक जागचा हलायचा नाही. तक्रार करणारी सगळी मुले त्याच बाजूच्या टेबलांवर बसत होती.

मुलांचे मत चुकीचे होते का? "प्रयोग अवघड आहे" हे वाक्य चुकीचे होते. प्रयोग तोच होता. पण त्या वाक्यात एक खरी माहिती दडलेली होती, आणि मी ती तीन आठवडे ऐकली नाही. तक्रार करणाऱ्याला रोगाचे नाव नेहमी बरोबर सांगता येत नाही. पण दुखते आहे हे तो खरेच सांगत असतो. डॉक्टर रोग्याला "तुझे निदान चुकले" म्हणून परत पाठवत नाही.

म्हणूनच चाळणीची आठवण करून देतो. पुरवणीत शिरलेले सर्वजण रडान आणि मोग यांना हरवून आलेले होते. त्यांना सरसकट 'कच्चे' म्हणणे हिशेबाला धरून नव्हते. उलट, मूळ खेळात मुरलेले असल्यानेच त्यांना हा प्रदेश अधिक झोंबला असेल. गरम पाण्यातून आलेल्या हाताला कोमट पाणीही गारच लागते.

मत वाचताना

मित्रांनो, तुम्ही खेळ खेळा अथवा न खेळा, मते वाचण्याची वेळ तुमच्यावर रोज येते. पुस्तक घ्यायचे, चित्रपट पाहायचा, कोणता क्लास लावायचा, सगळीकडे अंगठे आणि तारे तयार असतात. प्रयोगशाळेत आपण नुसते 'उत्तर २७' असे लिहीत नाही. एकक लिहितो, उपकरणाची मर्यादा लिहितो, त्या दिवशीचे तापमान लिहितो. मताचेही तसेच वाचन करा. मोजले काय, गुण की निकाल? मोजणारा कुठून आला? त्याच्या हातात तेव्हा काय होते आणि काय नव्हते? मोजणी केव्हाची, दुरुस्तीपूर्वीची की नंतरची? एवढे विचारले की निम्मी भांडणे आपोआप मिटतात. उरलेली निम्मी मात्र खरी असतात, आणि ती मिटलीच पाहिजेत असे नाही. २०२४ अखेर या पुरवणीला 'वर्षातील सर्वोत्तम खेळ' या मोठ्या पुरस्कारासाठी नामांकन मिळाले, तेव्हा पुरवणीला स्वतंत्र खेळांच्या पंक्तीत बसवावे का, यावर वाद झाला. पुरस्कार 'ॲस्ट्रो बॉट' या खेळाला गेला. पण तो वाद मोजमापाचा नव्हता, आवडीचा आणि तत्त्वाचा होता. असे वाद फाशाने सुटत नाहीत.

भाच्याचे पुढे काय झाले? दोन दिवस तो सिंहाकडे फिरकलाच नाही. रानोमाळ हिंडून त्याने तुकडे गोळा केले. बुधवारी रात्री खोलीतून आरोळी ऐकू आली तेव्हा घरातली सगळी जागी झाली. सकाळी मी विचारले, "मग, आता अंगठा वर का?"

"नाही मामा. अजून खालीच ठेवलाय," तो म्हणाला. "माझ्या संगणकावर चित्र अडखळते, ते खरेच आहे. पण 'अन्यायकारक' हा शब्द खोडला. त्या जागी लिहिले की मी दुसऱ्या पायरीवर असताना पस्तीस वेळा हरलो, सातव्या पायरीवर चौथ्या झुंजीत जिंकलो, आणि माझा संगणक अमुक प्रकारचा आहे."

मला त्याचा अंगठा कोणत्या बाजूला आहे याची आता फिकीर नव्हती. त्याने मताशेजारी निरीक्षणाची परिस्थिती लिहिली होती, आणि "मला हे यायचेच नाही" हे वाक्य पुन्हा उच्चारले नव्हते.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम. फाशाच्या खेळात वार दीडपट करण्याऐवजी दुप्पट करा, म्हणजे दहाच फेऱ्या. इजा मात्र पहिल्यासारखीच ठेवा, तीनदा १ पडला की हार. पन्नास लढाया खेळा आणि किती जिंकता ते मोजा. आधी अंदाज लिहून ठेवा, मगच फासा हातात घ्या. उत्तर लिहिताना किती लढायांवरून काढले तेही शेजारी लिहायला विसरू नका.